माग होता तिथे

माघ सरत आलाय.
पहाटे पायाला फरशी अजून गार लागते,
दहाच्या सुमाराला पत्रा तापून कुरकुरायला लागतो.
सोलापूरचा वसंत एवढाच,
सकाळचा एक तास.
त्या तासात खणायचं.

मागच्या शेडचं निम्मं छप्पर वादळानं नेलं,
तेव्हापासून मामांजींच्या मागाचा खड्डा उघड्यावर पडलाय.
मांडीभर खोल. त्यात मोडकी खुर्ची, रंगाचे डबे,
दोनदा मांजर व्याली तिथे.
मागाची लाकडं बंबात जळून गेली,
खड्डा कुणाला जाळता आला नाही.

गोवर्धन म्हणतो, आई, सिमेंट ओतून टाकू,
गाडी तरी लागेल.
म्हटलं, पाडव्यापर्यंत थांब.
पाडव्याच्या ताटात इथली भाजी नसली
तर तुझी गाडी अन् तुझं सिमेंट.
त्यानं मोबाईलमध्ये तारीख टाकून ठेवली.
हिशेबाला पक्का. माझ्यावर गेलाय.

मौलालीनं टेम्पोतून गाळ आणून दिला,
हिप्परग्याच्या तळ्यातला, सात पोती,
काळा, जड, बोटांना साबणासारखा.
शेण गुरुबाळव्वाच्या म्हशीचं.
(म्हैस आटली बाई, पण शेणाला कमी न्हाई, म्हणते.)
आणि माझ्या सुपातली कातरण.
सत्तावीस वर्षं विड्या वळतेय,
पानांचे कोपरे रोज ओंजळभर उरायचे,
चुलीत जायचे.
आता खड्ड्यात टाकते, थरावर थर.
तंबाखूची भुकटी डब्यात वेगळी ठेवलीय,
मावा पडला तर पाणी करून मारायला.
माझा खोकला जिनं पोसला
तिनं एवढं तरी करावं.

पण हे सगळं नंतर.
आधी तळ मोकळा करायचा होता.
कुदळ घातली. माती सुटत गेली,
दोन जागी मात्र सुटेना, ठण् वाजली.
हातानं झाडून बघितलं.
दोन खळगे, शेजारी शेजारी,
उजवा जरा जास्त खोल.

वर पावड्या असायच्या.
म्हणजे इथे टाचा.
चाळीस वर्षं उजवा, डावा, उजवा, डावा,
एवढं चालून माणूस पोचला कुठे
तर इथंच.

काठावर बसले, पाय आत सोडले.
माझे टेकेनात.
पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग सुरू झाले होते,
त्यांचा खडखडाट ऐकत बसले थोडा वेळ,
चहा गार होईपर्यंत.

मग पहार घेतली आणि दोन्ही खळगे फोडले.
घट्ट जमिनीत मूळ शिरत नाही.
मामांजींनी तरी काय केलं असतं?
धागा तुटला की ते कपाळाला हात लावायचे नाहीत,
बोटाला थुंकी लावून पीळ द्यायचे
आणि पुढचा हात मारायचे.

तळाला विटांचे तुकडे, वर कातरण, शेण, गाळ.
खड्ड्यात दुधीचे एकच आळे, चार बिया,
रात्रभर फडक्यात बांधून उशाशी ठेवलेल्या.
काठानं दोडका. भिंतीकडे गवारीची ओळ,
तिच्यातली पहिली तोड विहिणीला कबूल केलीय.
उरलेल्या जागेत अंबाडी,
आमच्या घरात तिला पुंटीकूर म्हणतात.
ती नुसती फेकायची, लाड केले की रुसते.
पाडव्याची पैज मी तिच्याच जिवावर लावलीय,
हे गोवर्धनला सांगितलेलं नाही.

नळ पाचव्या दिवशी येतो. आज चौथा.
पिंपाच्या तळाला वीतभर पाणी.
त्यात भात, भांडी, दोघांच्या अंघोळी,
आणि आता हे नवीन तोंड.
तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला काढलं,
तांब्यानं हळूहळू आळ्यात सोडलं.
मातीनं ते आवाज न करता पिऊन टाकलं,
आणि तेवढंच होतं.

गोवर्धन दारात टॉवेल घेऊन उभा.
काही बोलला नाही.
मोरीत गेला,
आणि बादली
अर्धीच भरल्याचा आवाज आला.